निकेल-तांब्याचा शोध (खान्देशाच्या संदर्भात)

खान्देशात निकेलची किंवा तांब्याची खाण नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शीर्षक वाचून कुणीतरी साक्रीकडं जमिनीचे भाव विचारायला निघेल. तरी ही नोंद खान्देशाला धरून लिहायचं कारण म्हणजे आपल्या पायाखालचा काळा दगड. हा डेक्कन ट्रॅपचा (ट्रॅप म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेलं पठार) बेसॉल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या निकेल-तांबे साठ्यांपैकी एक, रशियातलं नोरिल्स्क, तेही अशाच ट्रॅपशी, सुमारे २५ कोटी वर्षं जुन्या सायबेरियन ट्रॅपशी जोडलेलं आहे.

पण नुसता लाव्हा असून भागत नाही, गंधक लागतं. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, वर येताना गंधक असलेल्या थरांतून गेला आणि ते त्याच्यात पुरेसं मिसळलं की सल्फाइडचे, म्हणजे गंधक आणि धातूच्या संयुगाचे, थेंब वेगळे सुटतात, आमटीवर तेल सुटतं ना तसे, फक्त हे जड असल्यामुळं तरंगत नाहीत, खाली बसतात आणि बसताना निकेल, तांबं, प्लॅटिनम सगळं आपल्यात ओढून घेतात. म्हणून माल वरच्या लाव्ह्याच्या थरांत शोधायचा नसतो, लाव्हा ज्या वाटांनी वर आला त्या वाटांत शोधायचा. धुळे-नंदुरबार भागात शेताशिवारातून भिंतीसारख्या सरळ जाणाऱ्या दगडी रांगा दिसतात त्या डाइक, म्हणजे उभ्या भेगांत थिजलेला मॅग्मा, आणि इथं त्यांचा मोठा झुबकाच आहे.

सर्व्हेची पद्धत अशी, की आधी विमानातून किंवा चालत चुंबकीय मोजणी, मग ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षणातल्या बारीक फरकांची मोजणी, मग विद्युतचुंबकीय म्हणजे ईएम. चुंबकीय मोजणीत आपल्याकडं पंचाईत होते कारण बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, त्यामुळं नकाशाभर गोंगाट. ग्रॅव्हिटीत जड दगड कळतो, पण लहान साठा खोल असला तर तो निसटतो. खरा भरवसा ईएमवर. जमिनीवर शेकडो मीटरचं वायरचं रिंगण पसरायचं, करंट सोडायचा, झटक्यात बंद करायचा आणि मग खालून येणारा प्रतिसाद किती वेळ टिकतो ते मोजायचं, भरीव सल्फाइड असेल तर तो रेंगाळतो. पण ग्रॅफाइटही तसाच रेंगाळतो, आणि तापीच्या गाळातली चिकणमाती, त्यात खारं पाणी असलं तर विचारूच नका, करंट वरच्या वर खाऊन टाकते. वर विजेच्या तारा आणि विहिरींच्या मोटारी आहेतच, त्यांची ५० हर्ट्झची घुणघुण रीडिंगमध्ये शिरते.

शेवटी ड्रिलिंगच. आपल्याकडं बोअर म्हटलं की पाण्याची गाडी आठवते, हॅमरनं दगडाचा भुगा करून वर फेकणारी. शोधाचं ड्रिलिंग वेगळं, यात हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट दगड गोल कापत जातं आणि आतली कांडी, म्हणजे कोअर, शाबूत वर येते. नेहमीच्या एनक्यू साइजची कांडी ४७.६ मिलिमीटर जाडीची, ओळीनं खोक्यात मांडायची, खोलीचे आकडे टाकायचे. डाइक उभा असल्यामुळं बोअर तिरकं मारतात, सरळ खाली मारलं तर शेजारून निघून जाईल. कांडीत तपकिरी-पितळी पायऱ्होटाइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, दिसला की आधी लोहचुंबक लावून बघतात (तो सहसा चिकटतो), सोबत पिवळाधमक चाल्कोपायराइट म्हणजे तांबं, आणि निकेल ज्यात असतं तो पेंटलंडाइट, जो पायऱ्होटाइटच्या गर्दीत नुसत्या डोळ्यांनी चटकन ओळखू येत नाही. टक्केवारी लॅबच सांगते. बोअर कोरडं गेलं, म्हणजे धातू लागला नाही, तरी वाया नाही, त्यात ईएमचा सेन्सर सोडून आजूबाजूला काही हुकलंय का ते बघता येतं.

महाराष्ट्रात निकेल-तांब्याच्या खुणा मिळाल्यात त्या चंद्रपूरच्या गोंडपिपरीकडं, पण तो ट्रॅपच्या कितीतरी आधीचा दगड. ट्रॅपखाली असं काही असलं तर आधी पूर्ण ट्रॅप भेदावा लागतो, आणि त्याची जाडी एकसारखी नाही : भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला, कोयनेला ९०० मीटरच्या पुढं गेला.