युआरएस की आरआयआरएस? दुर्बिणीची दोन वेगळी ऑपरेशनं

खानापूर असो, निपाणी असो की चिकोडी, मुतखड्याच्या ऑपरेशनाची बातमी घरी येते ती एवढीच: "दुर्बिणीतून केलं, लेझरनं." मग भेटायला आलेले पाव्हणे म्हणतात, आमच्याकडेही तेच झालं, बिल मात्र निम्मं आलं, तुम्हाला लुटलं. बऱ्याचदा कुणी लुटलेलं नसतं. ऑपरेशनच वेगळं असतं.

युआरएस आणि आरआयआरएस, दोन्हींत चिरा नाही. लघवीच्या वाटेनं दुर्बीण मूत्राशयात आणि तिथून मूत्रवाहिनीत जाते. ही मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटीमीटर लांब, पण रुंदीला जेमतेम 3-4 मिलिमीटर. खडा तिच्यात अडकला असेल, त्यातही खालच्या भागात, तर सरळ, कडक दुर्बिणीनं भागतं. हे युआरएस.

खडा किडनीतच बसला असेल तर कडक दुर्बीण हतबल होते. किडनीत कप्पे असतात, आणि खालच्या कप्प्यातला खडा गाठायचा तर वर चढून पुन्हा खाली वळावं लागतं. तिथं लवचिक दुर्बीण लागते. तिचं टोक साधारण 270 अंशांत वळतं, आणि तिच्यातून केसासारखा बारीक लेझरचा तंतू जाऊन खड्याचा भुगा करतो. हे आरआयआरएस. ही दुर्बीण नाजूक आणि महाग, काही तर एकदाच वापरायच्या. बिलातला फरक बराचसा इथला. मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातला खडा युआरएस करताना मागे सरकून किडनीत गेला, तर ऐनवेळी हीच मागवावी लागते. म्हणून खडा वर असेल तर दवाखान्यात ती आहे का, हे आधीच विचारा. (खडा 2 सेंटीमीटरहून मोठा असेल तर बहुधा पाठीतून छिद्र करून काढतात. तो तिसराच प्रकार.)

आरआयआरएसमध्ये एक गोष्ट नातेवाइकांना फार लागते. पेशंट आत जातो आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात: वाट अरुंद आहे, आज फक्त स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) घातलाय, खडा एक-दोन आठवड्यांनी काढू. याला ऑपरेशन फसलं म्हणू नका. बळजबरीनं दुर्बीण रेटली तर मूत्रवाहिनी फाटू शकते. स्टेंटनं ती हळूहळू सैल होते. थांबणारा डॉक्टर पेशंटचं भलंच करतो.

आरआयआरएसनंतर बहुधा आणि युआरएसनंतरही पुष्कळदा काही दिवस स्टेंट ठेवतात. तोवर सारखी लघवीला लागते, लघवी करताना कमरेत कळ येते, कधी लघवी लालसर होते. एवढं चालतं. थंडी वाजून ताप आला तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

आणि कळ थांबली की ऊस-तंबाखूच्या धांदलीत स्टेंट विसरला जातो. महिनोन्‌महिने राहिला तर त्याच्यावरच खडे धरतात, आणि तो काढायला नवं ऑपरेशन करावं लागतं. डिस्चार्जच्या वेळीच तो काढायची तारीख कागदावर लिहून घ्या.