७५ टक्क्यांची अट आली कुठून?

शिष्यवृत्ती हवी तर हजेरी ७५ टक्के हवी, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेलाही हाच आकडा असल्यामुळे तो शाळांइतकाच जुना असावा असं वाटतं. सरकारी मदतीशी तो घट्ट बांधला गेला तो मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत.

त्याआधी दांडीचा भुर्दंड पडायचा पालकांवर. बडोदा संस्थानानं १९०६ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सर्वत्र लागू केला. कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्याला महिना एक रुपया दंड ठरला होता.

पाऊणशे वर्षांनी तोच एक रुपया सरकारनं पालकांना द्यायला काढला. १९९२ मध्ये राज्यात मुलींचा उपस्थिती भत्ता सुरू झाला. पहिली ते चौथीतल्या, दुर्बल घटकांतल्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया. शाळेचे दिवस २२० धरलेले, म्हणजे वर्षाला फार तर २२० रुपये. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते किंवा आईबरोबर खुरपायला जाते, तिच्या त्या दिवसाची थोडी तरी भरपाई व्हावी हा हेतू. रुपया त्या काळीही मोठा नव्हता, आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं तो रुपयाच राहिला.

अट अर्थातच ७५ टक्क्यांची. २२० चे ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. आता बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी घ्या. दिवाळी झाली की कोयत्याबरोबर टोळी निघते, ती परत येते मार्च-एप्रिलमध्ये. ५५ खाडे संक्रांतीच्या आसपासच भरतात. जूनपासून दिवाळीपर्यंत एकही दिवस न चुकवलेल्या मुलीचे रुपये अटीत जातात. भत्ता ज्या घरांसाठी काढला, त्यातली सर्वांत अडलेली घरं अशी आपोआप बाहेर पडली. हंगामी वसतिगृहं पुढे आली ती या गळतीवर उपाय म्हणून: आईवडील फडात, मूल गावातच. त्यांचा उपयोग झाला, पण जिथे ती वेळेवर सुरू झाली तिथेच.

याच काळात केंद्रानं शाळेतून धान्य द्यायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९९५ पासून मुलामागे महिन्याला तीन किलो तांदूळ किंवा गहू, आणि तिथे अट ८० टक्के हजेरीची. महिन्याकाठी हजेरीपत्रक उघडायचं, गैरहजेरीचे दिवस मोजायचे, मग पिशवीत तांदूळ. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि खिचडी आली. त्याबरोबर टक्का गेला. जो आज आला तो आज जेवला. हजेरी आणि मदत यांची इतकी सरळ सांगड नंतर कुठल्याच योजनेला जमली नाही, आणि पैशांच्या योजनांत ती घालून बघण्याचा विचारही फारसा झाला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

कॉलेजातली कथा अधिक गुंतागुंतीची. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. तिच्या नियमांत पुढे कितीतरी वर्षं एक कलम होतं: विद्यार्थी संपात सामील झाला, किंवा परवानगीशिवाय अनियमित हजर राहिला, तर शिष्यवृत्ती थांबवता किंवा रद्द करता येईल. त्यात आकडा नव्हता. सगळा भार ‘परवानगीशिवाय’ या शब्दावर. प्राचार्य समजूतदार असले तर भातलावणीला गेलेल्या मुलाचे पंधरा दिवस खपून जात. खडूस असले तर मोर्चात दिसलेल्या मुलाचे दोनही खपत नसत. खाडा आणि संप एकाच ओळीत बसवणाऱ्याच्या मनात काय होतं ते उघड आहे.

आकडा आल्यावर ही मनमानी कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण आकडा कडक झाला तो विद्यार्थी दांड्या मारतात म्हणून नव्हे. काही संस्थांनी बोगस आणि वर्गात कधी न दिसलेल्या मुलांच्या नावावर शिष्यवृत्त्या उचलल्याचं उघडकीला आलं. २०१६ मध्ये राज्याला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्यानंतर अर्ज महाडीबीटी या राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गेले, खाती आधारला जोडली गेली, आणि २०२१ च्या केंद्राच्या सुधारित नियमांत आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली. चोरी केली संस्थाचालकांनी आणि अंगठा लावायचा पोरांनी. यंत्राला आजारपण कळत नाही, घरचं मयत कळत नाही, एसटीचा संप तर नाहीच नाही.

टक्क्यातही एकवाक्यता नाही. २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० जेवणाचे, २०,००० राहण्याचे, ८,००० इतर खर्चाचे. हजेरी ७५ टक्के. आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांच्या शुल्क सवलतीला मात्र मागच्या सत्रातली ५० टक्के हजेरी चालते. एकाच बाकावरच्या दोघांना सरकार दोन मापं लावतं. ज्याच्या खोलीभाड्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून जो संध्याकाळचं काम सकाळपर्यंत ताणतो, त्याच्यासाठी माप मोठं.

मुद्दाम वर्ग चुकवणारे वेगळेच. क्लासशी ‘टाय-अप’ केलेल्या ज्युनिअर कॉलेजांतली मुलं दोन वर्षं कॉलेजचं तोंड पाहत नाहीत. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली. ज्याच्या घरून क्लासची लाखांतली फी भरली जाते, त्याला भत्ता बुडण्याची भीती घालून उपयोग नव्हता.

७५ टक्के कशाचे, हा वाद तर अजून तसाच आहे. तासांचे की दिवसांचे? प्रात्यक्षिकं धरून की सोडून? प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या आणि मुलगा महिनाभर उशिरा दाखल झाला, तर मोजणी कुठल्या तारखेपासून? वैद्यकीय दाखला कुठे चालतो, कुठे फाइलीला नुसता टाचला जातो. टक्का ठरतो कॉलेजच्या दप्तरातल्या नोंदींवरून. विद्यार्थ्याला तो बहुतेकदा अर्ज ‘सेंड बॅक’ म्हणजे परत आल्यावरच कळतो. तोवर सत्र संपलेलं असतं आणि हजेरी वाढवायला दिवसच उरलेले नसतात.