ऋण संख्या

ऋण संख्या : शून्याहून लहान असलेली संख्या. ती संख्येआधी वजा चिन्ह (−) देऊन लिहितात. −७ चे वाचन ‘उणे सात’ किंवा ‘ऋण सात’ असे होते. बेरीज-गुणाकाराचे शालेय नियम सर्वपरिचित असल्याने येथे मुख्यतः उगम, चिन्हलेखन आणि स्थानमूल्याशी असलेला संबंध यांचा विचार केला आहे.

ऋण संख्यांचा सर्वांत जुना पद्धतशीर वापर चीनमधील ‘नऊ अध्याय’ या गणितग्रंथात, समीकरणसंचांच्या प्रकरणात आढळतो. ग्रंथाचे संकलन इ. स. च्या आरंभाच्या सुमारास झाले असावे. त्यावरील लिउ हुइ यांच्या टीकेत (२६३) धन संख्यांसाठी तांबड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या गणनकाड्या वापराव्यात असे सांगितले आहे. भारतात ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’च्या (६२८) अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम एकत्र दिले : दोन ऋणांची बेरीज ऋण, समान धन व ऋण यांची बेरीज शून्य, ऋणाला ऋणाने गुणले असता धन. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य हे त्यांचे विधान मात्र पुढे टिकले नाही. भारतीय नियम चीनकडून आले असे सुचवले गेले आहे. परंतु त्याला थेट पुरावा नाही आणि दोन्हीकडची मांडणीही भिन्न आहे. ऋणाची कल्पना सावकारी हिशेबातून निघाली, हे मत लोकप्रिय आहे. तथापि ग्रहगणितात मध्यम ग्रहाला (सरासरी गतीने काढलेल्या ग्रहस्थानाला) फलसंस्कार म्हणजे दुरुस्त्या कधी धन तर कधी ऋण कराव्या लागतात आणि ब्रह्मगुप्तांचा ग्रंथ ज्योतिषाचाच (खगोलगणिताचा) आहे, हे ध्यानात घेता ती वाटही तितकीच संभवनीय वाटते.

चिन्हाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मर्दानजवळ (आता पाकिस्तान) १८८१ मध्ये सापडलेल्या भूर्जपत्रावरील बख्शाली हस्तलिखितात ऋण संख्येच्या उजवीकडे फुली (+) आहे, म्हणजे आजच्या अधिक चिन्हासारखीच खूण नेमक्या उलट अर्थाने. ही फुली ‘क्षय’ शब्दाच्या आद्याक्षराचे ब्राह्मी रूप असावी असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती ‘ऋ’पासून आली. हस्तलिखिताचा काळ त्याचे आरंभीचे अभ्यासक हर्न्ले यांनी तिसरे-चौथे शतक, तर नंतरचे अभ्यासक के यांनी बारावे शतक असा धरला होता. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या कार्बनमापनात तीन पानांचे तीन वेगवेगळे काळ निघाले : सर्वांत जुने तिसऱ्या-चौथ्या शतकातले, सर्वांत अलीकडचे नवव्या-दहाव्या शतकातले. मजकूर आणि हस्ताक्षर सलग असल्याने लेखन सर्वांत अलीकडच्या पानाहून जुने असू शकत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. गणितेतिहासाचे अभ्यासक हायाशी यांनी लिपी व भाषेवरून सुचवलेला आठवे ते बारावे शतक हा पल्ला त्याच्याशी जुळतो. याच हस्तलिखितात रिकाम्या स्थानासाठी टिंब वापरले आहे. टिंब शून्याकडे गुंतल्यामुळे ऋणासाठी वेगळी खूण घेतली असावी. इतरत्र ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत पडली आणि भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘बीजगणिता’त ती स्पष्ट सांगितली आहे.

भास्कराचार्यांना ऋण उत्तर सर्वत्र मान्य नव्हते. वानरांच्या कळपाच्या उदाहरणात (कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला, एक वानर दिसतो) ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. पाचाचा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ गेले की −२ उरतात, म्हणून ५ हे उत्तर ते सोडून देतात. ‘लीलावती’त मात्र ९ पाया आणि १०, १७ बाजू असलेल्या त्रिकोणात लंबामुळे पायाचे १५ आणि −६ असे खंड पडतात, तेथे ऋण म्हणजे उलट दिशा, असा अर्थ ते लावतात. यूरोपात ऋण मुळांबद्दलचा संशय अठराव्या शतकातही पुरता गेला नव्हता.

दशमान पद्धतीत चिन्ह सबंध संख्येला लागते : −५२ म्हणजे −५० आणि −२. स्वतंत्र अंकालाही ऋण होऊ दिले तर वजाबाकीतील उसना दशक टळतो. ५२ − ३८ मध्ये एककस्थानी −६ आणि दशकस्थानी २ ठेवले, की २० − ६ = १४. इंग्रज गणिती जॉन कोलसन यांनी १७२६ मध्ये अशा अंकांचे गणित मांडले. भारती कृष्ण तीर्थ यांच्या ‘वैदिक गणित’ (१९६५) या पुस्तकात ऋण अंकावर आडवी रेघ देतात. वैदिक वाङ्मयात या रीतीचा आधार सापडत नाही. लॉग टेबल वापरलेल्यांना हीच रेघ ओळखीची आहे. ०·०२ चा लॉगरिदम (१० चा कितवा घात ०·०२ होतो ती संख्या) −२ + ०·३०१० असा असतो. त्यात रेघ फक्त २ वर येते, दशांश भाग धनच राहतो. सगळ्यालाच ऋण धरले तर उत्तर चुकते, कारण खरी किंमत −१·६९९० आहे.

संगणकात वजा चिन्ह सहसा वेगळे साठवत नाहीत. आठ बिटांच्या (० किंवा १ असलेल्या द्विमान स्थानांच्या) प्रचलित पद्धतीत सर्वांत डाव्या स्थानाची किंमत −१२८ धरतात, बाकीची स्थाने ६४ पासून १ पर्यंत धनच असतात. त्यामुळे −५ हा ११११०११ च्या आधी आणखी एक १ देऊन, म्हणजे ११११ १०११ असा लिहिला जातो : −१२८ + ६४ + ३२ + १६ + ८ + २ + १.