जामशिल: रेशीमकिड्यांची खोली

दक्षिण कोरियातल्या सोल मेट्रोच्या २ क्रमांकाच्या मार्गावर जामशिल स्थानक लागतं. बाहेर पडलं की ५५५ मीटर उंच, १२३ मजली लोट्टे वर्ल्ड टॉवर समोर उभा! १९८८ च्या ऑलिम्पिकचं मुख्य मैदानही याच भागात. या झगमगत्या वस्तीला नाव मात्र एका अळीने दिलंय. ‘जाम’ म्हणजे रेशीमकिडा, ‘शिल’ म्हणजे खोली. आपल्याकडचे तुती लावणारे शेतकरी ज्याला ‘कीटक संगोपनगृह’ म्हणतात, तेच हे.

कोरियाच्या जुन्या जोसॉन राजघराण्याच्या काळात रेशीम ही राज्याची बाब होती. राणी स्वतः तुतीची पानं तोडण्याचा विधी करी, आणि इथे हान नदीकाठी सरकारी संगोपनगृह होतं.

पण खोलीच कशाला? कारण हजारो वर्षांच्या पाळण्याने हा किडा पुरता माणसावर विसंबलाय. अळी पानाच्या शोधात दूर जात नाही, आणि पंख असूनही पतंगाला उडता येत नाही. धूर, ओली पानं, अचानक वाढलेली थंडी, काहीच तिला सोसत नाही. साधारण २५ दिवसांत ती ४ वेळा कात टाकते आणि तिचं वजन सुमारे १०,००० पट होतं. शेवटच्या टप्प्यात तर ती नुसती पानांवर तुटून पडते. हजारो अळ्या एकदम खाऊ लागल्या की झाडांवर पाऊस पडावा तशी सरसर ऐकू येते. मग ती डोकं डावी-उजवीकडे हलवत स्वतःभोवती कोष विणते. त्या एका कोषातला सलग धागा जवळपास किलोमीटरभर भरतो! मला तरी या वस्तीच्या नावातली ही छोटी अळी त्या मनोऱ्याइतकीच थक्क करते.

नदीनेही इथला नकाशा बदललाय. पूर्वी हान नदीचे दोन प्रवाह या जमिनीला वेढून वाहत, म्हणजे जामशिल हे बेटच होतं. १९७१ मध्ये दक्षिणेकडचा प्रवाह बुजवला आणि बेट काठाला जोडलं गेलं. त्या प्रवाहाचा उरलेला तुकडा म्हणजे टॉवरच्या पायथ्याचं सॉकचॉन तळं. उत्तरेकडच्या प्रवाहाला ‘शिनचॉन’, म्हणजे नवा ओढा, म्हणत. शेजारच्या मेट्रो स्थानकाचं नावही तेच होतं. शहरात जवळजवळ याच उच्चाराचं दुसरं स्थानक असल्याने लोकांचा घोळ होई, म्हणून २०१६ मध्ये त्याचं नाव ‘जामशिलसॅनॅ’ झालं. ‘सॅनॅ’ हा अस्सल कोरियन शब्द, आणि त्याचाही अर्थ नवा ओढाच.