ग्वाल्हेरची थंडी, खोलीतली ऊब आणि ‘कार्यक्षमता’ या शब्दाचा घोळ

ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला तो १८१० च्या सुमारास, शिंद्यांच्या फौजेच्या तळातून. दख्खनमधून आलेल्या कुटुंबांनी इथे जे वाडे बांधले, ते प्रामुख्याने उन्हाळ्याचा विचार करून: जाड दगडी भिंती, वालुकाश्माच्या लांब पट्ट्यांचे छत, उंच खोल्या. पौष-माघाची सोय गोधडी, रजई, अंगणातला बंब आणि शेगडी यांवर भागवली जाई. जानेवारीत इथले किमान तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास राहते आणि थंडीच्या लाटेत ते २-३ अंशांपर्यंतही उतरते. त्यातच दाट धुक्यामुळे चार-पाच दिवस ऊन पडले नाही, तर दगडी भिंती आतपर्यंत गार होतात आणि मग खोलीत निर्माण होणारी उष्णता कित्येक तास त्या भिंतीच पिऊन टाकतात. साधने बदलली, तरी खर्चाच्या प्रत्येक हिशेबात ही भिंत राहिलीच.

शेगडीचा हिशेब दिसायला फार सोपा होता. एक किलो लाकडी कोळशात साधारण ८ युनिट विजेइतकी उष्णता असते, आणि शेगडीला धुराडे नसल्यामुळे ती जवळजवळ सगळी खोलीतच राहते. मात्र तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही खोलीतच राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. खिडकी उघडावी तर ऊब जाते आणि लावून घ्यावी तर झोपलेले माणूस उठत नाही, अशा बातम्या उत्तर भारतात आजही दर हिवाळ्यात येतात. त्यामुळे शेगडीला ‘स्वस्त’ म्हणताना तो स्वस्तपणा बंद खिडकीच्या जोरावर मिळतो, हे विसरता येत नाही. रॉकेलच्या हीटरची गोष्ट याहून फार वेगळी नव्हती. गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. सिलिंडरच्या किमतीला १८० ने भागले की एका युनिटाचा भाव निघतो, आणि तो बरेचदा विजेच्या वरच्या टप्प्यातील दरापेक्षा कमी भरतो. तरीही धुराड्याविना जळणारा गॅसचा हीटर झोपण्याच्या खोलीत लावणे हे शेगडीचीच चूक पुन्हा करणे आहे.

विजेचा हीटर घरोघरी आला तो निक्रोमच्या तारेमुळे. हा मिश्रधातू विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तयार झाला. लाल होईपर्यंत तापूनही तो हवेत लवकर झिजत नाही. ग्वाल्हेरच्या बाजारात आज मिळणारे रॉडचे हीटर, ब्लोअर आणि तेल भरलेले रेडिएटर ही सगळी याच तत्त्वाची भावंडे आहेत. इथूनच ‘कार्यक्षमता’ या शब्दाचा घोळ सुरू होतो आणि त्याने ग्राहकाचे जितके नुकसान केले आहे, तितके कोणत्याही महागड्या यंत्राने केले नसेल.

हीटरच्या खोक्यावर किंवा विक्रेत्याच्या तोंडी ‘१०० टक्के कार्यक्षम’ असे शब्द असतात. ते खोटे नाहीत: तारेत गेलेली वीज अखेर सगळी उष्णताच होते. परंतु ही गोष्ट अडीचशे रुपयांच्या रॉडला जितकी लागू आहे, तितकीच दहा हजारांच्या रेडिएटरला. तेलाचा हीटर ‘कमी वीज खातो’ हा समज त्याच्या थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे ठरलेले तापमान गाठताच वीज तोडणाऱ्या स्विचमुळे, पसरला. हीटर मध्ये मध्ये बंद होतो आणि तेल उष्णता धरून ठेवते, पण एका युनिटातून तो एका युनिटापेक्षा अधिक ऊब देऊ शकत नाही. फरक पडतो तो ऊब कुठे पोहोचते यात. चौदा फूट उंचीच्या खोलीत ब्लोअरची गरम हवा थेट छताकडे जाते, तर रॉडमागचा चकचकीत पत्रा उष्णता समोर बसलेल्या माणसावर फेकतो. म्हणून वाड्यात एकट्या आजोबांसाठी रॉड योग्य ठरतो आणि साडेनऊ फुटी छताच्या फ्लॅटमध्ये रात्रभरासाठी रेडिएटर. शिवाय कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात इंधनातील उष्णतेच्या सुमारे एकतृतीयांश इतकीच वीज हाती लागते. म्हणजे ‘१०० टक्के’ हा आकडा भिंतीवरच्या प्लगपासून पुढचा आहे, खाणीपासूनचा नाही.

उष्णता निर्माण न करता बाहेरच्या थंड हवेतून ओढून आत आणता येईल, ही कल्पना एका ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८५२ मध्येच मांडली होती. आजचा ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) तेच करतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब देतो. याला ३०० टक्के कार्यक्षमता म्हटले की ऐकणारा फसवणुकीचा संशय घेतो, आणि ते स्वाभाविक आहे. येथे टक्केवारीऐवजी गुणोत्तर हाच शब्द वापरायला हवा होता.

देशात उपकरणांवर विजेची बचत सांगणारी स्टारची पट्टी २००६ मध्ये आली आणि एसीसाठी ती २०१० मध्ये सक्तीची झाली. पुढे इन्व्हर्टर यंत्रांसाठी हंगामी गुणोत्तर, म्हणजे हंगामभरात मिळालेला थंडावा भागिले खर्चलेली वीज, ठरवण्यात आले. २०१५ पासून ते ऐच्छिक होते आणि २०१८ पासून सक्तीचे झाले. हे गुणोत्तर बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश धरून, वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढले जाते. म्हणजे ते केवळ थंडाव्याचे आहे. हिवाळ्याचा एक तासही त्यात नाही. या निर्णयाच्या बाजूने सांगितले जाते की देशातला बहुतांश वापर थंडाव्यासाठीच होतो आणि एका पट्टीवर दोन आकडे छापल्यास ग्राहक गोंधळेल. चेन्नईपुरते हे मान्य करता येईल. पण ग्वाल्हेरपासून पंजाबपर्यंतच्या पट्ट्यात पाच स्टार पाहून ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्र घेणारा माणूस उन्हाळ्याचाच आकडा हिवाळ्याला लावतो, आणि पट्टीवर त्याला सावध करणारे काहीच नसते. तापवण्याची प्रमाणित आंतरराष्ट्रीय चाचणी बाहेर ७ आणि आत २० अंशांवर होते. ७ अंश हे तर इथल्या जानेवारीतल्या रात्रीचेच तापमान आहे. तो एक आकडा पट्टीवर छापणे अवघड नव्हते.

धुक्याच्या रात्री या यंत्राची अडचणही होते. बाहेरचे तापमान ४-५ अंश असताना बाहेरच्या जाळीचे तापमान शून्याखाली जाते, दमट हवेतले पाणी तिच्यावर गोठते आणि बर्फ वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट्या दिशेने, म्हणजे उष्णता बाहेर नेत, चालते. तेवढा वेळ खोलीत ऊब येत नाही. बिघाड समजून अनेक जण यावेळी मेकॅनिकला बोलावतात.

बिलाचा मुद्दा मध्य प्रदेशात अधिक तीव्र होतो. राज्याच्या योजनेत २०१९ पासून महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळत आली आहेत. २,००० वॉटचा हीटर रोज चार तास चालला तर महिन्याला २४० युनिटे होतात, म्हणजे इतर वापर मोजण्याआधीच सवलत गेलेली असते. युनिटाला ७ रुपये धरले तर केवळ हीटरचे १,६८० रुपये होतात. तेवढीच ऊब ‘हॉट अँड कोल्ड’ एसीतून तीनच्या गुणोत्तराने ८० युनिटांत, म्हणजे ५६० रुपयांत येते. दिवे, फ्रिज आणि टीव्ही ७० युनिटांत बसले, तर सवलतही टिकते. यंत्राची किंमत या हिशेबात धरलेली नाही, कारण ४५ अंशांच्या उन्हाळ्यासाठी एसी अनेक घरांत एरवीही घेतला जातो. मात्र तो खरेदी होतो मे महिन्यात, जेव्हा हिवाळ्याचा विचार कुणाच्या मनात नसतो, आणि केवळ थंड करणारे यंत्र घरी आले की त्याला नंतर तापवायची सोय जोडून घेणे व्यवहारात शक्य नसते.