सोप्रानो-पियानो मैफल : पियानो भाड्याने नेण्याआधी आयोजकांनी पाहायच्या गोष्टी

या मैफलीत माईक नसतो. सोप्रानो, म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला स्त्रीचा सर्वांत उंच पट्टीचा आवाज, आणि पियानो, दोन्ही श्रोत्यांपर्यंत थेट पोचतात. एरवी साऊंडवाला ऐनवेळी जे सांभाळून घेतो, ते इथे जागा ठरवताना आणि पियानो लावतानाच करून ठेवावं लागतं.

जागा

पुण्यातली मोठी नाट्यगृहं नाटकासाठी बांधलेली आहेत. संवाद स्वच्छ ऐकू यावेत म्हणून तिथे आवाज चटकन विरतो, उरलासुरला विंगा आणि जाड पडदे शोषून घेतात. गाण्याला मात्र थोडी आस लागते, साधारण १.२ ते १.६ सेकंद आवाज रेंगाळला तर उत्तम. रिकाम्या सभागृहात मंचावर उभं राहून एक जोरदार टाळी वाजवून पाहा. ती जागच्या जागी मेली, तर मागचा काळा पडदा सारून भिंत मोकळी करा आणि गायिकेला दर्शनी पडद्याच्या रेषेपुढे उभं करा. दोन-तीनशे खुर्च्यांचं, लाकडी मंचाचं, उंच छताचं सभागृह मिळालं तर तेच घ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर टाळा. रस्त्यालगतच्या सभागृहासाठी गणेशोत्सवाचे दिवस आणि लग्नाच्या दाट तिथीही टाळा. वरातीचा बँड खिडक्या बंद करूनही आत येतो.

कोणता पियानो

दीडशेपर्यंत श्रोते असतील तर चांगला अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा पियानो, चालतो, पण त्याच्यामागे वाजवणाऱ्याला गायिका दिसत नाही. दोघांनी एकाच श्वासात सुरुवात करायची असल्याने ही अडचण छोटी नाही. म्हणून शक्य तिथे आम्ही ग्रँडच, म्हणजे आडव्या तारांचा, वर उघडणाऱ्या झाकणाचा पियानो, सुचवतो. ग्रँडचं वजन आकारानुसार अडीचशे ते पाचशे किलो भरतं. नेताना पाय आणि पेडलचा सांगाडा सोडवून तो सरळ बाजूवर उभा करून फळीवर बांधावा लागतो. जिन्यात वळण असेल तर तिथेच काम अडतं.

डिजिटल पियानोचा सूर उतरत नाही आणि तो नेणंही सोपं. पण त्याचा आवाज स्पीकरमधून एका दिशेने येतो आणि शेजारचा माइकविना आवाज वेगळा पडतो. तालमीसाठी तो जरूर घ्या, कार्यक्रमासाठी नाइलाज असेल तरच.

ट्यूनिंग

वाद भाड्यावरून होत नाहीत, ते इथे होतात. पियानोत साधारण २३० तारा असतात. त्यांचा ताण बिडाची चौकट पेलते, पण त्यांचा दाब तारांखालच्या मोठ्या लाकडी ध्वनिफलकावर पडतो. पावसाळ्यात हा फलक दमट हवेने फुगतो, तारांना वर रेटतो आणि सूर चढतो. डिसेंबरनंतरच्या कोरड्या हवेत तो आकसतो आणि सूर उतरतो. चढ-उतार सगळीकडे सारखा नसतो. मधलं सप्तक जास्त सरकतं, खर्ज कमी, त्यामुळे पियानो स्वतःशीच बेसूर होतो.

लाकूड सावकाश बदलतं, तारा मात्र तापमानाबरोबर लगेच हलतात. दुपारी एसी बंद ठेवून केलेलं ट्यूनिंग संध्याकाळी एसी लागल्यावर टिकत नाही. वरून मंचावरचे दिवे तापले की आणखी फरक पडतो. म्हणून क्रम असा ठेवा : पियानो आदल्या दिवशी, निदान सकाळी लवकर मंचावर. कार्यक्रमात असतील तेवढेच दिवे आणि एसी चालू. चार-पाच तासांनी ट्यूनिंग, त्याला दीड ते दोन तास लागतात. मग तालीम. प्रेक्षक आत येण्याआधी अर्धा तास पुन्हा एक हात. ट्यूनिंगच्या वेळी मंचावर झाडू, खुर्च्यांची ओढाओढ आणि माईक चेक नको. कानाने दोन तारांमधली बारीक लहर ऐकायची असते. सभागृह फक्त संध्याकाळच्या पाळीला घेतलंत तर यातलं काहीच होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे पाश्चात्त्य 'ए' स्वर, आम्ही ४४० हर्ट्झला लावतो. कलाकारांना ४४२ हवं असेल तर पियानो ठरवतानाच कळवा. अख्खा पियानो एका दिवसात वर नेला तर सूर पुन्हा घसरतो.

मंचावर

सुरांच्या पट्ट्या श्रोत्यांच्या डाव्या हाताला येतील असा पियानो ठेवायचा, म्हणजे झाकण त्यांच्याकडे उघडतं. गायिका पियानोच्या कडेच्या खोलगट वळणापाशी उभी राहते. तालमीत पियानोचा आवाज गाण्यावर भारी वाटला की आयोजक झाकण बंद करायला सांगतात. घाई करू नका. रिकाम्या खोलीत सगळंच मोठं वाटतं, माणसं बसल्यावर ते शोषलं जातं. बंद झाकणाने आवाज कमी होण्यापेक्षा मळकट होतो. शेवटच्या रांगेत बसून पूर्ण आणि अर्धं झाकण दोन्ही ऐका आणि निर्णय कलाकारांवर सोडा.

पंखे बंद हवेत. ते स्वरलिपीची पानं उडवतात. एसीचा झोत गायिकेच्या तोंडावर नको. दीपप्रज्वलन करायचं असेल तर समई मंचाच्या टोकाला ठेवा. उदबत्ती, धूप, कापूर मात्र नकोच, धुराने घसा धरतो. पुष्पगुच्छ आणि पाण्याचे पेले पियानोवर ठेवू नका. सत्कार शेवटी ठेवा. तापलेला गळा भाषणांत थंड होतो.

गाणं वरच्या सप्तकात गेलं की 'इ' आणि 'आ' कानाला जवळपास सारखेच लागतात. सुरासाठी जबडा उघडावाच लागतो, हा गायिकेचा दोष नाही. म्हणून जर्मन, फ्रेंच गाण्यांचा मराठी अर्थ छापून द्या. एक गाणं एका पानावर, ठळक टाइप, आणि प्रेक्षागृहातले दिवे वाचता येतील इतके सुरू. पान गाण्याच्या मधे उलटायला लागलं तर शंभर कागद एकदम वाजतात.

पियानो ठरवताना मजला, लिफ्टच्या दाराची रुंदी, जिन्याच्या वळणाचा फोटो, सभागृह ताब्यात मिळण्याची वेळ आणि पानं उलटायला स्वरलिपी वाचणारं माणूस आहे की नाही, एवढं कळवा.