सार्वजनिक उद्यानात जिओकॅश ठेवण्याचे नियम

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याचा खेळ. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही, लपवून ठेवलेला साठा असा त्या शब्दाचा अर्थ. एक जण डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतो. शोधणारे आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहून डबा होता तसाच परत ठेवतात.

नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली अचूकतेची घट अमेरिकी सरकारने २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिला साठा ठेवला. ती जमिनीत अर्धवट पुरलेली बादली होती आणि आतल्या वस्तूंत बीन्सचा एक हवाबंद डबाही होता. आजच्या नियमांत ही बादली बसणार नाही. जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे, खाद्यपदार्थांनाही. वासाने प्राणी येतात आणि प्लास्टिकसुद्धा कुरतडतात. चाकू, स्फोटके, दारू, औषधे यांनाही बंदी आहे.

उद्यान सर्वांना खुले असले म्हणजे तिथे काहीही ठेवायची मोकळीक असते, असा नवख्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. उद्यान ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आधी घ्यावी लागते. काही ठिकाणी त्यासाठी रीतसर अर्ज भरावा लागतो आणि परवान्याला मुदतही असते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही आणि ती सहसा मिळत नाही. तिथे डबा नसलेले प्रकार चालतात. अर्थकॅशमध्ये, उदाहरणार्थ, खडक किंवा भूरूप प्रत्यक्ष पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात.

नियमांची खरी गरज डब्यापेक्षा तो शोधायला येणाऱ्या पावलांमुळे पडते. डबा बहुधा लहानच असतो. पण जीपीएस काही मीटर चुकतो, दाट झाडीखाली त्याहून जास्त. त्यामुळे प्रत्येक जण त्या बिंदूभोवतीचा सगळा परिसर धुंडाळतो, दगड उलटवतो, झुडपे बाजूला सारतो. काही आठवड्यांत मुख्य वाटेपासून डब्यापर्यंत गवत दबून नवी पायवाट पडते. म्हणून डबा वाटेच्या हाताशी ठेवावा; फुलझाडांचे वाफे, घरट्यांच्या जागा आणि पाणथळ भाग टाळावेत. सूचना इतकी नेमकी लिहावी की कोणाला उगाच शोधाशोध करावी लागू नये. हे कलम नियमावलीत ठळक नसले तरी माझ्या मते उद्यानाचे सर्वाधिक रक्षण तेच करते. झाडाला खिळा किंवा स्क्रू मारायचा नाही.

जिओकॅशिंग डॉट कॉमवर दोन साठ्यांच्या डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागते. नोंद प्रसिद्ध होण्याआधी स्वयंसेवक परीक्षक ती तपासतात आणि गरज वाटल्यास परवानगीचा तपशील मागतात. काही दिवसांपुरता डबा चालत नाही. तो निदान तीन महिने जागेवर राहावा अशी अपेक्षा असते.

डब्यावर बाहेरून खेळाचे नाव लिहावे आणि शक्यतो तो पारदर्शक असावा. बाकाखाली चिकटवलेली निनावी डबी माळ्याला किंवा पहारेकऱ्याला संशयास्पद वाटणारच. अशा डब्यांपायी बॉम्बशोधक पथके बोलावली गेली आहेत, परिसर रिकामा करावा लागला आहे. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ डबा ठेवू नये, कारण तिथे झुडपात वाकून काहीतरी शोधणारा अनोळखी माणूस पालकांना धास्तावतो.

देखभाल ठेवणाऱ्याकडेच असते. झाकणाची रबरी कडा सैल झाली की पहिल्या पावसात वहीचा लगदा होतो आणि पुढच्याला नाव लिहायला कोरडे पान उरत नाही. तक्रार आली की मालकाने जाऊन पाहावे, नाहीतर परीक्षक नोंद बंद करतात. नोंद बंद झाली तरी डबा झुडपातच असतो. तो स्वतः जाऊन उचलून आणावा लागतो.